यूटवरचा स्पॉटलाइट निवडताना: रात्रीच्या शिकारीला नव्याने निघालेल्यांसाठी

दुकानात स्पॉटलाइट घ्यायला गेलेला नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘झोत किती लांब जातो?’ मीही तोच विचारला होता. दुकानदाराने खोक्यावरचा आकडा दाखवला, मी पैसे मोजले आणि त्याच शनिवारी रात्री दोनशे मीटरवर चमकणारे दोन डोळे कोल्ह्याचे की शेतमालकाच्या केल्पी कुत्रीचे, हे मला सांगता येईना. कुत्रीच होती. बंदूक उचलली नव्हती म्हणून बरं, नाहीतर त्या घरी मला परत कुणी चहा विचारला नसता.

मी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना भागात राहतो, वॅगा वॅगाच्या पश्चिमेला. आजूबाजूला गहू, कनोला आणि मेंढ्या. हिवाळ्याच्या तोंडाशी मेंढ्या विऊ लागतात आणि नवजात कोकरांवर कोल्हे तुटून पडतात, म्हणून त्याआधीचे दोन महिने शेतकरी रात्री यूट (मागे उघडा ट्रे असलेली पिकअप गाडी) घेऊन बाहेर पडतात. सशांचा त्रास बारमाही. 1859 साली व्हिक्टोरियातल्या विंचेल्सीजवळ टॉमस ऑस्टिन यांनी शिकारीच्या हौसेपायी काही ससे मोकळे सोडले आणि पन्नासेक वर्षांत त्यांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. ससे आणि कोल्हे दोन्ही इथे बाहेरून आलेले, म्हणून शेतीचे शत्रू धरलेले. (इथला ‘फॉक्स’ हा खरं तर आपल्या खोकडाचा थोरला भाऊ, कोल्हा नव्हे. पण इथले मराठी लोक सर्रास कोल्हाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.) गेल्या काही वर्षांत मेलबर्न-सिडनीहून नोकरीनिमित्त या बाजूला आलेली बरीच मराठी मंडळी शेजाऱ्यांबरोबर ‘स्पॉटलाइटिंग’ला, म्हणजे दिव्याच्या झोतात रात्रीच्या शिकारीला, जाऊ लागली आहेत, आणि दिवा कुठला घ्यावा म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दिव्याआधी कायदा

गावाकडे वाचणाऱ्यांनी हे आधी डोक्यात पक्कं करावं: भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. लहानपणी आमच्या मळ्यात जोंधळ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून तीन सेलची बॅटरी घेऊन आजोबांबरोबर माळ्यावर बसायचो. तेवढा अनुभव घेऊन यातलं काही तिकडे करायला जाऊ नका.

इथेही राज्यागणिक नियम वेगळे. न्यू साउथ वेल्समध्ये काही सरकारी जंगलांत परवान्यावर शिकार करता येते, पण तीही दिवसाच. रात्रीचं काम खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, आणि ती परवानगी लेखी घ्या. व्हिक्टोरियात तर हरणांची वस्ती म्हणून नोंदलेल्या जंगलात बंदूक आणि स्पॉटलाइट एकत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो, तुम्ही काही मारलेलं असो वा नसो. कांगारू संरक्षित आहेत. मांसासाठी त्यांची शिकार करणारे व्यावसायिक वेगळ्या परवान्यावर काम करतात, त्यांचं बघून तुम्ही करू नका. सार्वजनिक रस्त्यावर आलात की स्पॉटलाइट बंद, बंदूक रिकामी आणि कुलपात, मागच्या उघड्या ट्रेमध्ये कुणी बसलेलं नाही.

पहिली पायरी: कुठे उभे राहणार ते ठरवा

दिवा नंतर. आधी शेत बघा, तेही दिवसा. सपाट गव्हाच्या खुंटांचं पॅडक, म्हणजे कुंपण घातलेलं शेत, असेल तर नजर लांब जाते. ओढ्याकाठी रिव्हर रेड गमची झाडं आणि झुडपं असतील तर शंभर मीटरच्या पुढे तसंही काही दिसत नाही. आणि तुम्ही मारणार काय? सशावर .22 रिमफायरने (लहान काडतुसाची हलकी रायफल) नेम धरायचा तर पन्नास-सत्तर मीटर. कोल्ह्यावर मोठी रायफल असली तरी नवख्याने दीडशेच्या पुढे जाऊ नये, हे माझं मत. म्हणजे तुमचं सगळं काम दोनशे मीटरच्या आत आहे. एक किलोमीटर झोत फेकणारा दिवा घेऊन तुम्ही शेजारच्या घराच्या खिडकीत उजेड पाडाल, एवढंच.

दुसरी पायरी: खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

खोक्यावर सर्वात मोठ्या अक्षरात असतात ते लुमेन. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो तो हा आकडा. तो उजेड एका दिशेला किती एकवटलाय हे लुमेन सांगत नाही. ते सांगतो कँडेला. गाडीच्या छतावरची लांबलचक एलईडी पट्टी वीस हजार लुमेन देते आणि शंभर मीटरवर थकते. मोठ्या आरशाचा एकच दिवा त्याच्या पाव उजेडात चारशे मीटर गाठतो.

आता अंतराचा आकडा. हातबॅटरी आणि हातातल्या स्पॉटलाइटच्या खोक्यावरचं अंतर बहुतेक वेळा एएनएसआय एफएल-1 या अमेरिकी प्रमाणाप्रमाणे मोजलेलं असतं. त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड 0.25 लक्सवर येतो ती जागा. (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप.) 0.25 लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. चांदण्यात तुम्हाला समोरचं ढेकूळ आहे की ससा हे कळतं का? नाही. म्हणून खोक्यावर ‘1000 मीटर’ लिहिलेलं असेल तर ते असं वाचायचं: हजार मीटरवर चांदणं पडेल.

गणित सोपं आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की त्या जागचे लक्स मिळतात. ‘1000 मीटर’वाला दिवा म्हणजे अडीच लाख कँडेला. तो शंभर मीटरवर 25 लक्स देतो, दोनशेवर सहाच्या थोडं वर. कोल्ह्याचा झुबकेदार शेपटा आणि कुत्र्याची शेपटी यांतला फरक डोळ्यांना कळायला शंभर-दीडशे मीटरपर्यंत हे पुरतं. आता जाहिरातीत मिरवणारा ‘एक किलोमीटरवर 1 लक्स’वाला घ्या. तो दहा लाख कँडेला, म्हणजे पन्नास मीटरवरच्या सशावर चारशे लक्स. ससा पांढरा फटफटीत दिसतो, भोवतालचं गवतही पांढरं, तुमच्या बुबुळांची वाट लागते आणि दिवा विझला की पुढची दोन-तीन मिनिटं तुम्ही आंधळे. दोन ते चार लाख कँडेला नवख्याला भरपूर झाले.

झोताची रुंदीही बघा. पाच अंशांचा झोत शंभर मीटरवर पावणेनऊ मीटर रुंद पडतो. दोन अंशांचा साडेतीन मीटर. अरुंद झोताने शेत झाडून काढायला वेळ लागतो आणि मधला कोल्हा निसटतो. हल्ली बाजारात लेझरसारखे सुईएवढ्या झोताचे दिवे आलेत. दिसायला झकास, शेत हुडकायला निरुपयोगी.

तिसरी पायरी: हॅलोजन, एचआयडी की एलईडी

जुने लोक हॅलोजनवर जीव टाकतात आणि त्यात नुसता हट्ट नाही. हॅलोजनचा उजेड पिवळसर, साधारण 3200 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), त्यात तांबडा भाग भरपूर. त्यामुळे कोल्ह्याची तांबूस पाठ तांबूसच दिसते, आणि त्यावर लाल काच लावली तरी बराच उजेड पलीकडे जातो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लाइटफोर्स कंपनीचे 170 आणि 240 मिलिमीटर आरशाचे हॅलोजन दिवे अजून कित्येक शेतांवर चालू दिसतात. वाईट एवढंच की तो तापतो. डिसेंबरात कापणीनंतर वाळलेल्या खुंटांवर तापलेला दिवा खाली ठेवायचा नाही, ही गोष्ट इथे कुणाला सांगावी लागत नाही. तुम्हाला सांगतोय.

एचआयडी (तारेऐवजी वायूतून वीज सोडून पेटणारा दिवा) झगझगीत, पण पेटल्यावर पूर्ण उजेड यायला काही सेकंद लागतात. कोल्हा तेवढं थांबत नाही. सारखं चालू-बंद केलं तर त्याचं आयुष्यही कमी होतं. हा प्रकार मागे पडत चाललाय, नवा घ्यायचं काही कारण दिसत नाही.

एलईडी कमी वीज खातो, धक्के सोसतो, लगेच पेटतो. पण दोन गोष्टी तपासा. एक, रंग. 6000 केल्विनचा निळसर पांढरा उजेड घेऊ नका. 4000 ते 5000 च्या आसपासचा बघा. निळसर उजेडात तांबडं जनावर राखाडी दिसतं, आणि जूनमधल्या धुक्यात समोर दुधाची भिंत उभी राहते. दोन, लाल काच. थंड एलईडीत तांबडा भाग मुळातच तुटपुंजा, त्यावर लाल काच चढवली की उरतं ते मेणबत्तीएवढं. लाल उजेड हवाच असेल तर मुळात लाल एलईडीचा दिवा घ्या किंवा हॅलोजन.

लाल उजेड हवा कशाला? कोल्ह्याच्या डोळ्यांना तांबडा रंग फारसा दिसत नाही, त्यामुळे सशाच्या किंकाळीसारखी शिट्टी वाजवून जवळ बोलावलेला कोल्हा लाल किंवा अंबर उजेडात कमी बुजतो. ज्या शेतात कोल्ह्यांवर पूर्वी गोळ्या झाडल्या गेल्यात तिथे पांढरा झोत दिसताच ते पाठ फिरवतात. सशांना मात्र पांढराच चालतो.

चौथी पायरी: दिवा कुठे बसवायचा

खरी चूक इथे होते.

रात्री डोळे का चमकतात ते आधी समजून घ्या. कोल्हा, कुत्रा, मेंढी यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. तो उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतो. म्हणजे चमक सगळीकडे दिसत नाही. जिथून झोत निघाला तिथे डोळा असेल त्यालाच ती सर्वात जास्त दिसते. बंपरवरच्या बुलबारला दिवा आणि तुम्ही मागच्या ट्रेमध्ये उभे, तर तुमच्यात आणि दिव्यात तीन-चार मीटरचं अंतर पडतं आणि जवळच्या जनावरांची चमक निम्मी वाया जाते. दिवा डोळ्याजवळ हवा.

पण अगदी डोळ्यासमोरही नको. झोत धुळीवर, धुक्यावर, किड्यांवर पडून जो उजेड माघारी येतो तोही दिव्याच्या दिशेनेच येतो. शिवाय दिवा नेमबाजाच्या मागे किंवा बाजूला असेल आणि झोताची कड बंदुकीच्या नळीला चाटली, तर बंदुकीवरच्या दुर्बिणीत नुसता पांढरा धूर दिसतो. माझ्या पहिल्या दिव्याचं नेमकं हेच झालं होतं. छतावर मधोमध बसवला, झोताचा खालचा भाग बॉनेटवर आदळायचा, बॉनेट पांढरं. विंडस्क्रीनच्या आत बसलेल्या चालकाला पुढचं कुंपण दिसायचं नाही. शेवटी छताच्या पुढच्या कडेला आणला, खाली काळी रबरी पट्टी चिकटवली, तेव्हा कुठे काम झालं.

तर बसवायचे प्रकार असे. छताला भोक पाडून आतून मूठ फिरवायचा दिवा हा सर्वात पक्का. चालकाच्या शेजारी बसलेला माणूस थंडीत काच न उघडता शेत झाडून काढतो. पण गाडी भाड्याची किंवा कंपनीची असेल तर विषय संपला, आणि स्वतःची असली तरी भोकाच्या कडेला सीलंट नीट नसेल तर पहिल्याच पावसात मांडीवर थेंब. चुंबकाचा तळ असलेला दिवा नवख्याला सोयीचा. मात्र छत पोलादी हवं. इथले बरेचसे ट्रे आणि कॅनोपी अॅल्युमिनिअमच्या असतात, त्यांना चुंबक धरत नाही. ठेवण्याआधी छत ओल्या फडक्याने पुसा, चुंबकाखाली अडकलेली धूळ रंगावर गोल ओरखडे काढते. ट्रेच्या पुढच्या लोखंडी शिडीला, म्हणजे हेडबोर्डला, पट्टी लावून बसवलेला फिरता दिवा हा उभ्याने शिकार करणाऱ्यांसाठी. दिवा नळीच्या खाली आणि पुढे राहील एवढी उंची ठेवा. रिमोटवर फिरणारे मोटारवाले दिवेही मिळतात. मोटारीचा आवाज आणि झटके मला सहन होत नाहीत. हाताने फिरवलेला झोत गुळगुळीत जातो.

आणि एक सल्ला, ज्याने दुकानदार नाराज होतील: पहिलं वर्ष काहीच बसवू नका. पिस्तुली मुठीचा, गुंडाळीच्या वायरचा हातातला दिवा घ्या. खिडकीतून, ट्रेमधून, जमिनीवरून धरून बघा. आपल्याला कुठे हवाय ते सहा महिन्यांत आपोआप कळतं.

पाचवी पायरी: वायरिंग

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये शंभर वॉटचा हॅलोजन खुपसू नका. 12 व्होल्टवर तो सव्वाआठ अँपिअर ओढतो. फ्यूज कदाचित टिकेल, पण सॉकेटमधली ढिली पत्री तापते आणि प्लॅस्टिक वितळतं. बॅटरीपासून स्वतंत्र वायर ओढा, बॅटरीच्या शेजारीच 15 अँपिअरचा फ्यूज घाला, मागे करड्या रंगाचा 50 अँपिअरचा अँडरसन प्लग लावा. इथे प्रत्येक यूटवर तो असतोच, शेजाऱ्याची वायरही चालते.

वायरीच्या जाडीत एक इथलीच गंमत आहे. ऑस्ट्रेलियात ‘4 मिमी ऑटो केबल’ म्हणून मिळते तिचा 4 हा आकडा वरच्या आवरणासकट बाहेरचा व्यास असतो. आतलं तांबं जेमतेम 1.84 चौरस मिलिमीटर. पाच मीटर जायला आणि पाच यायला धरले तर या वायरीत जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच गळतो, आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी जास्त वेगाने घसरत असल्यामुळे पाचवा हिस्सा उजेड जातो. ‘6 मिमी’ घ्या, तिच्यात साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास तांबं असतं आणि गळती तीन दशांश व्होल्टवर येते. बरेच लोक उजेड कमी म्हणून नवा दिवा घेतात. आधी वायर बदलून बघा, पैसे वाचतील.

इंजिन बंद करून तासभर एक दिवा जाळला की आठ अँपिअर-तास गेले. दोन दिवे, दोन तास म्हणजे तेहेतीस. गाडी सुरू करायची बॅटरी तेवढ्याने कुरकुरायला लागते. पॅडकच्या टोकाला, मोबाइलला रेंज नसताना, पहाटे दोन वाजता ती कुरकूर ऐकायची नसेल तर दुसरी बॅटरी ठेवा किंवा अधूनमधून इंजिन चालवा.

खटकाही दुकानातच दाबून बघा. ‘टक्’ असा मोठा आवाज करणारा नको, आणि दाबून धरला तरच पेटणारा व दाबल्यावर पेटलेलाच राहणारा, असे दोन्ही प्रकार एकाच मुठीत असले तर उत्तम. आयपी 67 चा शिक्का असेल तर धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. कापणीच्या हंगामातली धूळ पाहिल्यावर धुळीसाठी असलेल्या त्या पहिल्या 6 ची किंमत कळते.

सहावी पायरी: शेतात परीक्षा

पावती जपून ठेवा आणि पहिल्याच रात्री बंदुकीशिवाय बाहेर पडा. दोन जुनी पोती घ्या, एक तपकिरी, एक राखाडी. त्यात गवत कोंबून कोल्ह्याएवढी करा, म्हणजे धड साधारण दोन फूट, उंची गुडघ्याच्या खाली. एका पोत्याला जाड, टोकाला पांढरी चिंधी बांधलेली शेपटी लावा. दुसऱ्याला बारीक दोरी. सोबत्याला सांगा, पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे पावलांवर अदलाबदल करून ठेव आणि मला सांगू नकोस. आता दिवा मारून ओळखा. ज्या अंतरावर तुम्ही पहिल्यांदा चुकलात, त्याच्या अलीकडे वीस मीटर ही तुमच्या दिव्याची खरी पोच. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. माझ्या आताच्या दिव्याची ती एकशे साठ आहे.

झोत मारायची रीतही याच रात्री शिका. झोताचं पांढरं मध्य जनावरावर सरळ मारायचं नाही. शेतावरून झोताची फिकट कड फिरवत न्यायची, डोळे चमकले की कडेतच धरायचे आणि जनावर थांबल्यावर, ओळख पटवण्यापुरतं, मध्य हळूच वर आणायचं. सशाचे डोळे मंद लालसर दिसतात, कारण त्यांच्यात तो आरशाचा थर नसतो. मेंढ्यांचे हिरवट निळे, आणि त्या कळपाने टक लावून बघत उभ्या राहतात. कोल्ह्याचे पांढरट पिवळे किंवा हिरवट, कोनाप्रमाणे बदलतात. तो मान वळवतो, चमक विझते, दहा मीटर पलीकडे पुन्हा पेटते. कुत्र्याचेही हुबेहूब तसेच. म्हणून डोळ्यांवर कधीच गोळी झाडायची नाही. कान, शेपटी, अंगाचा आकार दिसला पाहिजे आणि मागे मातीचा उंचवटा दिसला पाहिजे. मागे नुसता अंधार असेल तर तो अंधार किती लांब आहे आणि त्यात कुणाचं घर आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

हल्ली थर्मल दुर्बिणीने आधी जनावर हुडकतात आणि मग दिवा पेटवतात. परवडत असेल तर चांगलंच, शेत उगाच उजळावं लागत नाही. पण थर्मलमध्ये दिसतो तो उबदार ठिपका. तो कोल्हा आहे की मालकाची केल्पी, हे शेवटी दिवाच सांगतो.

निघायच्या दिवशी दुपारी मालकाला फोन करा: आज कुठल्या पॅडकमध्ये जनावरं आहेत, कुत्री बांधलेली आहेत का, शेजाऱ्याला कळवलंय का. लांबवर हलणारा झोत दिसला की इथले शेतकरी चोर समजून पोलिसांना फोन करतात, आणि ते बरोबरच आहे. ‘टोटल फायर बॅन’ (आगीच्या धोक्यामुळे उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी) जाहीर झालेला असेल तर बेत रद्द. गाडीचा गरम सायलेन्सर वाळल्या खुंटांवरून नेण्याचा तो दिवस नव्हे. परत आलात की फाटकापाशी दिवा बंद करून त्याच्यावर काळी टोपी चढवा, नाहीतर हायवेवर खटका चुकून दाबला जातो. मग प्लग उपसून त्याची पत्री बोटांनी चाचपा. गार असेल तर वायरिंग ठीक. कोमट असेल तर पुढच्या शनिवारच्या आधी तो सांधा पुन्हा दाबून घ्या.